बॉलपेनची घड्याळं

मुकुंदवाडीच्या शाळेत तिसरीच्या पोरांना ‘किती वेळ गेला’ ही गणितं काही केल्या उमगत नव्हती. पुठ्ठ्याच्या घड्याळाचे काटे फिरवून तनुजा मॅडमचा हात दुखला. शेवटी त्यांनी सगळ्यांना बॉलपेननं मनगटावर घड्याळ काढायला लावलं आणि त्यात दहा वाजवायला सांगितले.

तास संपत आला. “दहाला सुरू केलं, मग किती वेळ झाला रे?”

पोरांनी मनगटं पाहिली. “पाऊण तास, मॅडम.”

वर्षात पहिल्यांदा उत्तर बरोबर आलं, म्हणून मॅडम हरखल्या. शाबासकी द्यायला त्यांनी राजनंदिनीचा हात धरला. शाईचे काटे पावणेअकरावर होते. तिच्या शेजारणीचेही.

“कुणी खोडून परत काढले हे?”

“कुणीच नाय. आपलं आपणच चालतंय,” राजनंदिनी म्हणाली. “शिवमचं तेवढं बंद पडलंय.”

मॅडम मागच्या बाकापाशी गेल्या. शिवमच्या मनगटावर दहाच वाजलेले होते. दहाला त्यानं एकीला जायला करंगळी वर केली होती, आणि त्या “थोड्या वेळानं जा” म्हणाल्या होत्या.

करंगळी अजून वरच होती. त्याच्या नाकाशी आलेली माशी हवेतच थांबली होती.