खातेदाराचं उत्तर

"म्हणजे हरवलाय, असं लिहून देतोस का?" व्हर्ना बॉयकोने विचारलं.

"हरवला असं नाही म्हणत आम्ही, मॅडम." दुकानाचा मॅनेजर कोल्टन तिच्याकडे बघत नव्हता. "लॅपटॉप सध्या नेमका कुठे आहे, ते कळत नाहीये."

"आमच्याकडे गाय कुंपणाबाहेर गेली आणि दिसेनाशी झाली, की आम्ही हरवली म्हणतो बाबा. तुमच्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत."

कोल्टनचे कान लाल झाले. पोरगा वाईट नव्हता, गावातलाच होता. पण भर थंडीपासून तो "पुढच्या आठवड्यात" म्हणत आला होता, आणि आता बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता.

काउंटरपाशी खुर्चीवर व्हर्नाचा नवरा ओरेस्ट बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. चाळीस वर्षं त्याने गुरांच्या बाजारात लिलाव पुकारला. सस्कॅचवान प्रांताच्या त्या भागात त्याचा आवाज ओळखत नाही असा शेतकरी शोधूनही सापडला नसता. आता त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आजाराने इतकं अंग सोडून आधी नेमकी जीभच धरली होती.

डॉक्टरणीने वेळेवर सांगितलं होतं, बोलता येतंय तोवर वाक्यं बोलून साठवा, पुढे यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल. हिवाळा लागल्यापासून ओरेस्ट तळघरात लॅपटॉपशी बोलत बसायचा. दिलेली वाक्यं तर बोललाच, वर पदरची घातली. "व्हर्ना, गाडी हळू चालव" हे त्यातलंच. झाली तेवढी त्या यंत्रवाल्यांकडे पाठवून दे, असं व्हर्ना म्हणाली, तर म्हणाला, "अर्धा कळप बाजारात कोण नेतो?" मग एका रात्री त्याने ट्रकचं इंजिन गोठू नये म्हणून ते गरम ठेवणारी वायर आठवणीने भिंतीतल्या प्लगमध्ये खोचली, आणि लॅपटॉप सीटवर विसरला. सकाळी तो सुरूच होईना. म्हणून दुरुस्तीला इथे दिला होता.

काउंटरवरच्या फोनमधून मुख्य कचेरीतल्या दावे विभागातली जनेल बोलू लागली. आवाज गोड होता. "लॅपटॉपची आजची किंमत धरून आम्ही तुम्हाला दुकानात खरेदीसाठी वापरायचं कार्ड देतोय. शिवाय गैरसोयीबद्दल थोडं वर."

"कार्ड घाला चुलीत," व्हर्ना म्हणाली. "भरपाईच द्यायची ना? मग एक माणूस लावा. तुमची सगळी गोदामं, सगळ्या फळ्या त्याला हुडकू द्या. मला दुसरं काही नको."

"आतल्या माहितीची जबाबदारी दुकानावर नसते, बाई. पावतीवर तसं छापलंय, आणि खाली बॉयको साहेबांची सही आहे."

"आणि हा दावा मिटला की?"

फोनऐवजी कोल्टननेच खालच्या आवाजात सांगितलं, "मिटला की शोध थांबतो. नंतर सापडला तर तो दुकानाचा. आतलं सगळं पुसून विकतात."

व्हर्नाने काउंटरची कड धरली. तिला त्या पोराच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि खरं बोलला म्हणून जवळही घ्यावंसं वाटलं.

"दाव्याची मुदत आज संपतेय," जनेल म्हणाली. "आता रेकॉर्डिंग सुरू करते. खातं ओरेस्ट बॉयको यांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांनी स्वतः, स्वतःच्या आवाजात उत्तर द्यायचं. मी तीनदा विचारेन. उत्तर आलं नाही तर मान्य आहे असं धरते. बॉयको साहेब, ही भरपाई तुम्हाला मान्य आहे?"

एक वार. ओरेस्टने जोरात नकारार्थी मान हलवली.

कोल्टन फोनवर वाकला. "ते नाही म्हणताहेत. मान हलवताहेत."

"मान रेकॉर्ड होत नाही, कोल्टन."

लिलावात माणसं नुसती भुवई उचलून ट्रकभर जनावरं घेत, आणि मागच्या रांगेतली भुवईसुद्धा ओरेस्टच्या नजरेतून कधी सुटली नव्हती.

"दुसऱ्यांदा विचारते. मान्य आहे?"

"नाही! नाही म्हणतोय तो!" व्हर्ना ओरडली. टीव्ही बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"खातं तुमच्या नावावर नाही, बाई."

"अगं, त्याची वाचा गेलीय! त्याचा आवाज तुमच्याकडे पडलाय, तुमच्याच कुठल्यातरी खोक्यात! काढ तो बाहेर आणि त्यालाच विचार!"

"तुमची अडचण मी समजू शकते," जनेल म्हणाली, समोरचं वाचावं तशी.

ओरेस्टने कोटाच्या आतल्या खिशातून हॉस्पिटलने दिलेलं छोटं यंत्र काढलं. टाइप केलेलं ते मोठ्याने बोलत असे, पण कारखान्यात भरलेल्या आवाजात. रेडिओवर नव्या मोटारींची जाहिरात करणाऱ्या माणसासारखा, गुळगुळीत. घराबाहेर ओरेस्टने ते कधीच वापरलं नव्हतं. त्याला त्याची लाज वाटायची. आज चारचौघांत त्याने ते काउंटरवर ठेवलं आणि वाकड्या झालेल्या बोटाने अक्षरं दाबायला लागला. व्हर्नाने मदतीला हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला.

"तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारते. बॉयको साहेब, मान्य आहे?"

"नाही," यंत्र म्हणालं. ओरेस्टने पुन्हा दाबलं. "नाही. नाही."

"हे कोण गृहस्थ बोलताहेत?" जनेलने विचारलं. "कृपा करून तुम्ही मध्ये बोलू नका. मी बॉयको साहेबांच्या उत्तराची वाट बघतेय."