नाव बदलणारं जहाज

"कोर्स नोकरीसाठी लावलास की माझ्या पोटावर पाय द्यायला?" बॅग भरता भरता हरेश्वर बायकोवर ओरडला. परवा त्याला तेलाच्या जहाजावर चढायचं होतं आणि ही म्हणत होती, जाऊ नका.

दीप्तीही तापली. शिपिंग कंपनीत नोकरी मिळावी म्हणून ती आंतरराष्ट्रीय निर्बंध शिकत होती. काल सरावाला तिने नवऱ्याचंच जहाज तपासलं होतं.

"वर्षभरात सारखं नाव बदललंय. भर समुद्रात ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद ठेवतात. बंदीचं तेल नेणारे असंच करतात. पकडलं की मालक गायब, खलाशी आत!"

"बघून घेईन मी."

"बघा! तुरुंगाच्या खिडकीतून बघा!"

तो हसायला गेला आणि मधेच थांबला. मटकन बॅगेवरच बसला.

"अहो, काय झालं?" तिचा आवाज एकदम खाली आला.

"ताईच्या सुजयला मीच चिकटवलाय त्या जहाजावर. आज संध्याकाळचंच विमान आहे त्याचं."

त्याने भाच्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

"लॅपटॉप घे," तो चपला शोधत म्हणाला. "तुझ्यासारखं मला त्याला समजावता येणार नाही. चल, तो विमानतळावर निघायच्या आत ताईकडे पोचायला हवं."