जाड फुली, बारीक फुली

हेमचंद्रांनी तिसरी दुर्बीण उचलली आणि दुकानदाराला मागचं दार उघडायला सांगितलं. आतल्या दिव्यांत सगळ्याच चांगल्या दिसतात, हरीण काही ट्यूबलाइटखाली उभं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाहेर पाइनची दाट रांग होती. आभाळ भरून आलेलं. रायफलवर बसवायची ती लहानशी दुर्बीण त्यांनी डोळ्याला लावली, एका काळ्या खोडावरून दुसऱ्यावर सावकाश नेली आणि मग आपल्या मुलीच्या, नैनाच्या हातात दिली. काचेत दिसणारी नेम धरायची फुली कशात जास्त स्पष्ट आहे, असं त्यांनी विचारलं. हीत, की मघाचीत?

नैना जरा वेळ बघत राहिली. "हीत," ती म्हणाली.

त्यांनी अदलाबदल करून पुन्हा विचारलं. ती पुन्हा "हीत" म्हणाली.

"हेमू, दुकानदार घरी जाईल आता," त्यांचे जुने मित्र प्रसन्नकाका म्हणाले. "तीस वर्षं लोकांना हेच विचारत आलास. रिटायर झालास तरी दवाखाना काही सुटत नाही."

हेमचंद्र हसले. ते डोळ्यांचे डॉक्टर; अमेरिकेतल्या कॅरी गावात निम्म्या मराठी घरांतले चष्मे त्यांच्या हातचे होते. घाई त्यांना माहीतच नव्हती. बापलेक गेली एकोणीस वर्षं दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जात होते आणि नैनाने त्यांना एकदाही उतावीळपणे चाप ओढताना पाहिलं नव्हतं. दोनदा तर समोर चांगला नर उभा असताना, मागे काय आहे ते दिसत नाही म्हणून, त्यांनी रायफल खाली घेतली होती.

आताही ते दुकानदाराशी सगळं खोलात जाऊन बोलले. झाडीत हरीण पन्नास पावलांवर उठतं, तिथे कमी ताकदीची दुर्बीणच बरी. पण फुली बारीक असली तर काळ्या खोडांत हरवते. उलट नेमबाजीच्या रेंजवर, शंभर यार्डांवरच्या कागदावर, जाड फुली निशाणाच झाकून टाकते. दोन्हीला चालेल अशी एकच हवी असेल तर कुठेतरी पडतं घ्यावंच लागतं.

शेवटी त्यांनी सगळ्यांत जाड निवडली. चार दांडे आणि भोवती ठळक वर्तुळ. दुकानदाराने भुवया उंचावल्या. डॉक्टरसाहेबांसारख्या नेमबाजाला ही फार ओबडधोबड होईल, असं तो म्हणाला. हेमचंद्रांनी त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि ती दुर्बीण बसवून ठेवायला दिली. बापलेकीच्या दोन्ही रायफली साफसफाईसाठी तिथेच होत्या.

परतताना गाडी तेच चालवत होते. नैनाच्या गाडीचं उन्हाळ्यापासून काहीतरी काम निघालं होतं, म्हणून तिला न्यायला तेच यायचे. गाडीत तिचं एक ऑडिओ बुक चालू होतं. पूर्वी पिशवीत तीन-तीन पुस्तकं घेऊन फिरणारी मुलगी आता आळशी झाली म्हणून ते चिडवायचे. त्यांनी आवाज कमी केला. लांबूनच एक्झिटचा बोर्ड वाचून लेन बदलली.

"नैना, या वर्षी शिकार राहू दे."

"का?"

"माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटत नाही. जे नीट दिसत नाही, त्यावर गोळी झाडायची नाही. आपण रेंजवर जाऊ. मोठं निशाण लावलं की जाड फुलीनेही तिथे मजेत जमेल."

हीच भीती तिला कित्येक महिने होती, की एक दिवस डोळ्यांपायी त्यांचा नोव्हेंबर जाईल. पुस्तकांत तिने हट्टी म्हातारे पुष्कळ वाचले होते. आपणहून, आवाज न चढवता, स्वतःचा कमीपणा असा सांगून टाकणारा माणूस मात्र तिला शेजारच्या सीटवर भेटला. तिला काहीतरी बोलायचं होतं. "ठीक आहे, बाबा," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता हेमचंद्र गेले. हृदय बंद पडलं. ॲम्ब्युलन्स सहा मिनिटांत आली होती.

तेरावा झाल्यावर प्रसन्नकाका दुकानातून दोन्ही रायफली घेऊन तिच्याकडे आले. मागच्या अंगणातल्या टेबलावर त्यांनी पेट्या ठेवल्या, उघडल्या आणि रायफली रिकाम्या असल्याची दोनदा खात्री करून घेतली.

"ही जाड फुली तुझ्या रायफलवर बसवलीय," ते म्हणाले. "हेमूच्या रायफलवर ती बारीकच आहे. त्याने ती ऑगस्टमध्येच घेतली होती."

नैना म्हणाली, की दुकानदाराची चूक झाली असणार. जाड फुली बाबांनी स्वतःसाठी घेतली होती. त्यांना बारीक दिसत नव्हती.

"कुणाला? हेमूला?" प्रसन्नकाका खुर्चीत टेकले. "अगं, जायच्या आधीच्या रविवारी शंभर यार्डांवर त्याने पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं डाइमच्या एका नाण्याखाली झाकली गेली असती. मी जळून दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. दुकानदाराने मला पावती दाखवली ना, तिच्यावर हेमूच्याच अक्षरात आहे: जाड, मुलीसाठी." ते नैनाकडे वळले. "तुला काय सांगितलं होतं त्याने?"

नैनाने आपल्या रायफलवरची दुर्बीण बोटांनी चाचपली. काका डोळे पुसत पाणी प्यायला आत गेले.

तिने स्वतःची रायफल उचलली, खांद्याला लावली आणि कुंपणापलीकडच्या झाडांकडे वळवली. ठळक वर्तुळ लगेच सापडलं. वर्तुळाच्या आत मात्र नुसता धूसर डाग होता. मग रायफल खाली ठेवून ती मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाबा, मार्चपासून मला मधलं काहीच दिसत नाही."