अकरा मिनिटांचा चढ

चाक फिरलं, पण उलटं.

घड्याळजींनी कपाळाला हात लावला. सायकल खोलीच्या मधोमध पालथी घातली होती आणि तिच्या मागच्या चाकात कुणाच्या तरी मोडक्या इलेक्ट्रिक सायकलीतून काढलेली मोटर बसवली होती. उभा जन्म चिमट्यानं सेकंदकाटे उचलण्यात गेलेला माणूस, आणि पुढ्यात हे चार किलोचं धूड. त्यांनी पिवळ्या आणि निळ्या वायरीची अदलाबदल केली. चाक सुलट फिरायला लागलं, तसे ते एकटेच हसले.

ही सगळी उठाठेव गुडघ्यांपायी होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, चढावर सायकल ढकलणं बंद करा, नाहीतर दुकान बंद करा. दुकान चढाच्या टोकाला. ते बंद झालं असतं तर लोकांनी घड्याळं दुसरीकडे नेली असती, त्याचं काही नाही. पण चढ सुटला असता, आणि ते त्यांना सोसवलं नसतं.

कारण चढावर बाई भेटायच्या. बाई शेजारच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या. रोज सकाळी चढाच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीपाशी, सायकलवरून उतरून चेनशी काहीतरी खुडबुड करत असायच्या. घड्याळजीही उतरायचे आणि दोघं आपापली सायकल ढकलत वर निघायचे. अकरा मिनिटं लागायची. लोकांच्या खिशात काय काय राहून जातं ते बाई सांगायच्या. एकदा तर कुणाची अख्खी कवळी निघाली होती. "तुमच्या आधी तुमचे गुडघे ऐकू येतात," असं चिडवायच्याही. त्यानंतर दिवसभर घड्याळजी "उद्या या" आणि "सेल संपलाय" एवढंच बोलायचे. घरी, बायको गेल्यापासून, तेवढंही नाही.

मोटर लागली की बाईंची पिशवी आपल्या कॅरियरला घ्यायची आणि त्यांच्या बरोबरीनं हळूहळू चालवायचं, असा त्यांचा बेत होता. बिचाऱ्या आपल्यासारख्याच रोज एवढा चढ तुडवतात, असं त्यांना वाटायचं.

दुसऱ्या दिवशी बॅटरी चढासाठी राखून ते पायडल मारतच टाकीपर्यंत आले. बाई चेनपाशी वाकल्या होत्या.

"हे काय नवीन?"

"मोटर. जुनी आहे, पण ओढते."

घड्याळजींनी ऐटीत बटण दाबलं. त्या जुन्या मोटरला मधली चाल ठाऊकच नव्हती. एक तर बंद, नाहीतर सुसाट. सायकल उधळली. बाईंचं "अहो, सांभाळून" कुठल्या कुठे मागे राहिलं आणि दीड मिनिटात ते दुकानासमोर येऊन थांबले.

गुडघे गप्प होते. साडेनऊ मिनिटं वाचली होती आणि त्यांचं काय करायचं ते त्यांना कळेना. लॉन्ड्रीला कुलूप होतं. आता रोज असंच यायचं, एकट्यानं, हे ध्यानात आलं आणि त्यांना अगदी पोरकं वाटलं. बाई अजून खालच्या वळणावर सायकल ढकलत असतील म्हणून त्यांनी वळून पाहिलं.

बाई वर येत होत्या. सायकलवर बसून, आरामात पायडल मारत. घड्याळजींनी सवयीनं मनगटाकडे पाहिलं. चार मिनिटंही झाली नव्हती.

बाई समोर येऊन उतरल्या. त्यांना साधा दमही लागला नव्हता.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "गुडघ्यांची सुटका झाली." पण बघत होत्या कुलपाकडे.

"तुम्हाला हा चढ बसून चढता येतो?"

"येतो की. पहिल्यापासून."

"आणि ती चेन? रोज बिघडायची ती?"

"चेनला काय धाड भरलीय?"

"मग एवढी वर्षं... ढकलत का यायचात?"

बाईंनी कुलूप काढलं. दार अर्धं उघडून त्या वळल्या.

"तुम्ही उतरायचात ना," त्या म्हणाल्या, "म्हणून."