नकलेतला डोस

दहा वाजून चार मिनिटांनी तिने संगणकाकडे पाहिलं. पडद्यावर नवजात बाळांच्या कक्षाचा औषधांचा तक्ता होता. अकराही बाळांपुढे डोस दहापट दिसत होता.

ते आकडे तिनेच घातले होते, पण चाचणीसाठी, तक्त्याच्या नकलेत. रुग्णालयाचा हा प्रोग्राम तिने ‘डी’ या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. नक्कल करायला त्यातली ‘डप’ ही आज्ञा वापरली होती. आता तिला उमगलं, डपने वरची यादी तेवढी नवी केली, आतल्या ओळी जुन्याच राहिल्या. किल्ल्या दोन झाल्या, घर एकच; चाचणीचे आकडे खऱ्या तक्त्यातच गेले. आणि रोज बरोबर दहाला बाळांना औषध देणारे पंप त्याच तक्त्यातला आकडा उचलत. मिनिटभरात औषध सुरू होई.

डीमध्ये ‘इम्युटेबल’, म्हणजे न बदलता येणारा, असा शब्द आहे. तो तक्त्याला लावला, की त्यात फेरफार करणारा प्रोग्राम तयारच होत नाही. तो लावलेला होता. सारखा आडवा येतो म्हणून तिनेच गेल्या आठवड्यात काढून टाकला होता.

तिने आकडे मागे घेतले. कक्षाचा फोन लागेना. ती जिन्याकडे धावली.

उतरताना तिला कक्षातल्या मोठ्या सिस्टर आठवल्या. तीस वर्षं त्या रोज सकाळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून एकेक डोस शाईने वहीत लिहीत आणि पंपावर आकडा उमटला की वहीशी ताडून पाहत. तिने त्यांना पंपांची सासू म्हणून चिडवलं होतं. वर काल साहेबांची सही घेऊन पत्रकच काढलं होतं. आजपासून वही बंद.

कक्षात एकही बाळ रडत नव्हतं. ती पहिल्या पाळण्यापाशी गेली.

मोठ्या सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. पंपांचे सगळे दिवे लाल होते.

“मीच बंद केलेत,” त्या म्हणाल्या. “आकडे वहीशी जुळेनात. थेंबही गेलेला नाही. हळू बोला, आत्ता कुठे झोपलीत.”

तिने पाळण्याची दांडी घट्ट धरली.

“पण वही तर आजपासून बंद...”

“हो, आलं ना तुमचं पत्रक.” सिस्टरांनी वहीचं पान उलटून तिच्यापुढे धरलं. “हे बघा मॅडम, तेही उतरवून घेतलंय.”