माझ्या बाजूचं दार

आमच्या जुन्या गाडीत माझ्या बाजूचं लॉक अडकायचं, आतून उघडायचंच नाही. मग आमचे हे उतरून, वळसा घालून यायचे आणि बाहेरून दार उघडायचे. शिरोळला सासरी कार्याला गेलो की जावा बघत राहायच्या. "नशीब काढलंस बाई," म्हणायच्या. लॉकचं मी कुणाला कधी बोलले नाही.

माझ्या वाढदिवसाला ह्यांनी गाडी शाहूपुरीत नेऊन लॉक दुरुस्त करून आणलं.

काल शिरोळला बारसं होतं. जावा दारातच उभ्या होत्या. हे उतरले आणि सरळ घराकडं निघाले. मी तशीच बसून राहिले.



पायरीवरून ह्यांनी हाक मारली, "अगं उतर की. लॉक नीट केलंय न्हवं, आता मी कशाला येऊ?"