मधलं शून्य

सकाळपासून त्याचा पाय टेबलाखाली नुसता हलत होता. डेटाबेसमध्ये साठवलेली लोकांची रेकॉर्डिंग्ज अर्धवट परत येत होती, आणि चूक आत्ता कुठे सापडली होती. जुना कोड मधे शून्य दिसलं की सगळं संपलं असं धरून तिथेच थांबत होता. पुढचं सगळं गायब.

"पण मजकुरात शून्य म्हणजे शेवटच ना?" तो कोड लिहिणारी सहकारी म्हणाली.

"हा मजकूर नाही गं, आवाज आहे! यात शून्य मधेही येतं. आधी लांबी विचारायची, मग तेवढं सगळं घ्यायचं. शून्य आलं की लगेच पाठ काय फिरवायची?" तो खेकसला.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा एकेक शब्द वाट पाहायला लावायचा.

"अरे... जेवलास... का?"

"हो बाबा."

पलीकडे शांतता. इकडे स्क्रीनवर दुरुस्त केलेल्या कोडच्या चाचण्या एकेक करून लालच्या हिरव्या होत होत्या. त्याचा पाय पुन्हा हलायला लागला.

"बरं, ठेवतो मग," म्हणत त्याने फोन ठेवलासुद्धा.

शेवटची चाचणी हिरवी झाली. एक अख्खं रेकॉर्डिंग, मधल्या शून्यांसकट, जसंच्या तसं परत आलं. तो हुश्श करतोय तोच आईचा तिच्या मोबाइलवरून फोन.



"ठेवलास होय रे? ते अजून बोलताहेत."